चालू कंटेनरची हरवलेली आज्ञा

एका ग्रंथालयात घडलेला प्रसंग सांगून या लेखास सुरुवात करते. ‘कमवा व शिका’ योजनेत मी तेथे काही महिने काम करीत होते. पुस्तकांची देवघेव, वाचकांची खाती, दंडाच्या नोंदी हे सारे तेथील एका संगणकावर चालत असे. ही व्यवस्था काही वर्षांपूर्वी एका तरुण तंत्रज्ञाने बसवून दिली होती. पुढे तो नोकरीनिमित्त पुण्यास गेला. जाताना त्याने संगणकाचा परवलीचा शब्द चिठ्ठीवर लिहून दिला. पण व्यवस्था कशी उभी केली, हे मात्र कोठेच लिहून ठेवले नाही. यंत्र चालत होते, म्हणून कोणी विचारलेही नाही.

एके दिवशी त्यातील माहितीसाठ्याच्या सॉफ्टवेअरची जुनी आवृत्ती बदलणे भाग पडले. मदतीस आलेल्या गृहस्थांनी पहिलाच प्रश्न केला, “हा कंटेनर कोणत्या आज्ञेने सुरू केला होता?” ग्रंथपाल सरांनी माझ्याकडे पाहिले, मी संगणकाकडे पाहिले. उत्तर कोणाजवळच नव्हते. चालू असलेल्या कंटेनरवरून ती आज्ञा पुन्हा कशी उभी करावयाची, हे त्या आठवड्यात मी शिकले. आपण पडलो कलाशाखेचे विद्यार्थी. हा विषय आपला नव्हे असे कोणास वाटेल. परंतु समोरच्या प्रतीवरून मूळ पाठ शोधण्याचाच हा प्रकार आहे, आणि ती विद्या तर आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या शिकविली जाते.

कंटेनर म्हणजे काय?

उरणजवळच्या न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदर १९८९ साली सुरू झाले. तेथे जहाजांवर चढणाऱ्या लोखंडी पेट्यांची छायाचित्रे आपण पाहिली आहेत. पेटीत कापूस आहे की यंत्र आहे, याच्याशी क्रेनला कर्तव्य नसते. पेटीचा आकार ठरलेला असला म्हणजे झाले. या पद्धतीचा आरंभ १९५६ सालचा. त्या वर्षी माल्कम मॅक्लीन या अमेरिकन उद्योजकाचे ‘आयडियल एक्स’ हे जहाज ५८ पेट्या घेऊन नेवार्कहून ह्यूस्टनला गेले.

सॉफ्टवेअरच्या जगात हीच कल्पना आली. एखादा प्रोग्राम, त्याला लागणाऱ्या सर्व फायली आणि त्याचे सामानसुमान एकत्र बांधावयाचे, म्हणजे ते गाठोडे कोणत्याही संगणकावर सारखेच चालते. लिनक्स या संगणक-प्रणालीत एका प्रोग्रामला दुसऱ्यापासून वेगळे, जणू स्वतंत्र खोलीत ठेवण्याची सोय आधीपासून होती. ती सोपी करून देणारे ‘डॉकर’ हे साधन सॉलोमन हाइक्स यांनी मार्च २०१३ मध्ये अमेरिकेतील सांता क्लारा येथे एका परिषदेत प्रथम जाहीरपणे दाखविले.

येथे दोन शब्दांतील फरक ध्यानात ठेवावा. ‘इमेज’ म्हणजे साचा, आणि ‘कंटेनर’ म्हणजे त्या साच्यातून निघालेली चालती वस्तू. एका साच्यातून अनेक गणपती निघतात; पण कोणाला रंग कोणता, दागिने कोणते, हे मूर्तिकार पुढे ठरवितो. तसे साच्यातून कंटेनर काढताना जे जे ठरविले जाते, ते ‘डॉकर रन’ या आज्ञेत लिहावे लागते. कंटेनरचे नाव काय, त्याने बाहेरच्या जगाशी कोणत्या क्रमांकाच्या दारातून बोलावे, माहिती कोठे साठवावी, कोणते परवलीचे शब्द वापरावेत, किती स्मृती घ्यावी, वीज जाऊन आल्यावर आपणहून सुरू व्हावे की नाही, इत्यादी. अशी आज्ञा कधी चार-पाच ओळींची होते.

आता अडचण अशी की एकदा निर्माण झालेल्या कंटेनरच्या यांतील बहुतेक गोष्टी मागाहून बदलता येत नाहीत. नाव, स्मृतीची मर्यादा, पुन्हा सुरू होण्याचा नियम अशा काही गोष्टी बदलता येतात. दार किंवा साठवणीची जागा नाही. साच्याची नवी आवृत्ती घ्यावयाची असेल, तर जुना कंटेनर बाजूस सारून नवा निर्माण करावा लागतो. म्हणून मूळ आज्ञा हवी.

चादरीवरून नक्षी

आपल्या सोलापूरची चादर जेकार्डच्या मागावर विणली जाते. फ्रान्समधील जोसेफ मारी जॅकार यांनी १८०४ साली सिद्ध केलेल्या या युक्तीत छिद्रे पाडलेले पुठ्ठ्याचे पत्ते मागाला सांगतात की कोणता उभा धागा उचलावयाचा आणि कोणता नाही. पत्ते हरवले आणि चादर मात्र हाती राहिली, तर काय करावे? जाणकार माणूस भिंग घेऊन बसतो, उभे-आडवे धागे मोजतो, आणि चौकटीच्या कागदावर नक्षी पुन्हा उतरवितो. धागा कोठे वर आला आणि कोठे खाली गेला, हे कापड लपवू शकत नाही.

डॉकरमध्ये हे भिंग म्हणजे ‘डॉकर इन्स्पेक्ट’ ही आज्ञा. तिच्यापुढे कंटेनरचे नाव लिहिले की शेकडो ओळींचे एक टिपण समोर येते. ते पाहून प्रथम छाती दडपते. पण त्यातील मोजकीच कलमे आपल्या कामाची असतात. ‘नेम’ या कलमात नाव असते, त्याच्या आधी एक तिरपी रेघ असते, ती सोडून द्यावी. ‘पोर्ट बाइंडिंग्ज’मध्ये दारांचे क्रमांक, ‘एन्व्ह’मध्ये परवलीचे शब्द व इतर चल, ‘रीस्टार्ट पॉलिसी’मध्ये पुन्हा सुरू होण्याचा नियम, ‘बाइंड्स’ आणि ‘माउंट्स’ या दोहोंत साठवणीच्या जागा. स्मृतीची मर्यादा बाइटमध्ये लिहिलेली असते. मूळ आज्ञेत ५१२ मेगाबाइट असेल, तर येथे ५३६८७०९१२ हा आकडा दिसेल.

कोणी एकाच फाइलीत सर्व तपशील लिहून ‘कंपोज’ या पद्धतीने कंटेनर सुरू केला असेल, तर ‘लेबल्स’ या कलमात त्या फाइलीचा पत्ताही मिळतो. मग निम्मे काम झालेच. म्हणून प्रथम तेथे पाहावे. आमच्या नशिबी ते नव्हते. ‘रनलाइक’ नावाचे एक मुक्त साधन हे टिपण वाचून आज्ञा आपोआप लिहून देते. आम्ही त्याचा उपयोग केला, पण त्याच्यावर विसंबून राहिलो नाही. ते का, हे पुढे दिसेल.

प्रक्षिप्त कोणते, मूळ कोणते?

संत एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला, हे आपण अभ्यासतो. नकलून नकलून पोथीत जे मागाहून शिरले होते, ते त्यांना वेगळे काढावे लागले. येथेही तसेच करावे लागते. इन्स्पेक्टच्या टिपणात माणसाने दिलेल्या सूचना आणि साच्यातून आपोआप आलेल्या गोष्टी एकत्र मिसळलेल्या असतात. आमच्या टिपणात दहाच्या आसपास चल होते. त्या तंत्रज्ञाने ते सर्व लिहिले असतील, असे मला वाटले. मग त्याच इमेजचे वेगळे टिपण काढून दोन्ही शेजारी ठेवले, तेव्हा कळले की माणसाने दिलेले फक्त तीन होते. बाकीचे साच्याचे. सगळेच नव्या आज्ञेत लिहिले असते, तर नव्या साच्यावर जुन्या साच्याच्या गोष्टी लादल्या गेल्या असत्या.

मात्र वगळलेले निरुपयोगी नसते. आमच्या कंटेनरमध्ये इमेजच्या नावापुढे ‘लेटेस्ट’ म्हणजे ‘सर्वांत नवी’ एवढेच लिहिले होते. पण सर्वांत नवी कधीची? आजच्या ‘लेटेस्ट’चा अर्थ त्या दिवशीच्या ‘लेटेस्ट’हून निराळा. खरी आवृत्ती साच्याने दिलेल्या एका चलात सापडली.

तसेच यजमान-नाव. माणसाने न दिल्यास डॉकर कंटेनरच्या ओळख-क्रमांकाची पहिली बारा अक्षरे तेथे घालतो. ते माणसाचे समजून नव्या आज्ञेत लिहू नये.

रिकाम्या कपाटाची भीती

आता खरा धोका सांगते. आमच्या टिपणात ‘बाइंड्स’ हे कलम रिकामे होते. म्हणजे त्या तंत्रज्ञाने साठवणीची जागा सांगितलीच नव्हती. मग इतक्या वर्षांच्या देवघेवीच्या नोंदी होत्या तरी कोठे? उत्तर ‘माउंट्स’मध्ये मिळाले. आमचा माहितीसाठा ‘मारियाडीबी’ या सॉफ्टवेअरचा होता. त्याच्या साच्यातच अशी तरतूद आहे की जागा न सांगितल्यास डॉकरने स्वतः एक निनावी कप्पा निर्माण करून माहिती त्यात ठेवावी. त्या कप्प्याला माणसाने दिलेले नाव नसते. ६४ अक्षरांची एक निरर्थक मालिका हेच त्याचे नाव.

आम्ही नुसती दिसणारी आज्ञा पुन्हा चालविली असती, तर डॉकरने नवा निनावी कप्पा उघडला असता, आणि ग्रंथालयाच्या पडद्यावर एकही पुस्तक दिसले नसते. जुना कप्पा लगेच नष्ट झाला नसता हे खरे. पण त्याला वाली उरला नसता, आणि पुढे कोणी ‘नको असलेले साफ कर’ अशी आज्ञा दिली की तो गेलाच. हे समजले तेव्हा ग्रंथपाल सर काही वेळ बोललेच नाहीत.

म्हणून आम्ही क्रम असा ठेवला. प्रथम सर्व नोंदींची प्रत काढून ती दुसऱ्या संगणकावर नेली. मग जुना कंटेनर थांबविला, पण पुसला नाही. त्याचे नाव तेवढे बदलले. दोन कंटेनर एकाच वेळी एकाच कप्प्यात लिहू लागले तर माहितीचा विचका होतो, म्हणून थांबविणे आवश्यक. त्यानंतर ६४ अक्षरांचे ते नाव आज्ञेत लिहून, जुन्याच आवृत्तीवर, नवा कंटेनर सुरू केला. दोन्हींची टिपणे ओळीशी ओळ लावून पाहिली. पुस्तके दिसली. आवृत्ती बदलण्याचे काम दुसऱ्या दिवशी केले. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, म्हणजे चुकले तर काय चुकले ते कळते.

आणखी एक सावधगिरी. इन्स्पेक्टच्या टिपणात परवलीचे शब्द उघड्या अक्षरांत दिसतात. मदत मागण्यासाठी ते टिपण जसेच्या तसे कोणास पाठवू नये.

जे टिपणात नसते

एवढे करूनही सारेच हाती लागते असे नाही. मूळ आज्ञेतील चल एखाद्या फाइलीतून घेतले असतील, तर त्यांच्या किमती मिळतात, फाइलीचे नाव मिळत नाही. कापडावरून नक्षी कळते, विणकराच्या मनातले कळत नाही. आमच्या कंटेनरचे दार नेहमीच्या ३३०६ ऐवजी ३३०७ का ठेवले होते, हे आम्हांस शेवटपर्यंत उमगले नाही. पूर्वी त्या दारावर दुसरे काही चालत असेल, की सुरक्षेचा विचार असेल? आम्ही ३३०७ तसेच राहू दिले. कारण ठाऊक नसेल तेथे हात लावू नये.

ग्रंथालयात पुस्तक आले की प्रथम दाखल नोंदवहीत त्याची नोंद होते. पाच रुपयांची पुस्तिका असली तरी तिला क्रमांक मिळतो, तारीख मिळते. ज्या यंत्रावर ही सारी देवघेव अवलंबून होती, त्याची मात्र एका ओळीचीही नोंद नव्हती. आता आहे. नवी आज्ञा एका फाइलीत लिहून ठेवली आहेच. शिवाय प्रत्येक सूचनेसमोर तिचे कारण मराठीत लिहून तो कागद सरांनी दाखल नोंदवहीच्या पहिल्या पानावर चिकटविला आहे. ३३०७ समोर एवढेच लिहिले आहे : ‘कारण माहीत नाही; विचारल्याशिवाय बदलू नये.’