टिंब आणि विसार

१९९७ साली मी मस्कतला गेलो तो हातात ब्रश घेऊन. कोल्हापुरात दुकानांच्या पाट्या रंगवत होतो, तेच काम मस्कतच्या रुवी भागात होंडा रोडमागच्या एका गाळ्यात मिळालं. २०२२ला परतलो तेव्हा ब्रश केव्हाच सुटला होता. या पंचवीस वर्षांतला माझा बराचसा वेळ गिऱ्हाइकाची मंजुरी आणि विसार मिळवण्यात गेला.

सुरुवातीला सगळं तोंडी चाले. गिऱ्हाईक आलं की चहा व्हायचा, गाळ्याचे मालक, आमचे शेठ, ट्रेसिंग पेपरवर कच्चं काढून दाखवायचे, ‘ठीक है भाई’ झालं की आम्ही पत्रा कापायला घ्यायचो. आगाऊ पैसे मागणं शेठना कमीपणाचं वाटे. पण पाटी हा वेगळाच माल आहे. शिवलेला सदरा दुसऱ्या कुणाला बसेल, भाजलेला खुबूस दुसरा कुणी खाईल. एका दुकानाच्या नावाची कापलेली अक्षरं मात्र दुसऱ्या कुणाच्याच कामाची नसतात. गिऱ्हाईक फिरलं की ती भंगारात जातात. आमच्या गाळ्याच्या माळ्यावर अशी नावं साठत गेली, कधीच न उघडलेल्या दुकानांची.

अरबीत विसाराला ‘अरबून’ म्हणतात. शब्द फार जुना आहे. प्राचीन ग्रीकांनी त्याचंच रूप सेमिटिक भाषांतून उचललं होतं. ओमानी गिऱ्हाइकापुढे हा शब्द काढला तर त्याला राग येत नसे, उलट त्याचा हात खिशाकडे जाई. संकोच आमच्याच मनात होता.

मंजुरीचं दुखणं याहून खोल. तिथे पाटीवर अरबी हवीच, आणि बलदियाची, म्हणजे नगरपालिकेची, परवानगी असल्याशिवाय पाटी चढत नाही. दुकान चालवणारा बहुधा मल्याळी, गुजराती किंवा बांगलादेशी, पाटी करणारा मी मराठी. दोघांनाही अरबी वाचता येत नाही आणि डिझाइनवर सह्या मात्र दोघांच्या! त्यात जुन्या सॉफ्टवेअरमध्ये अरबी मजकूर चिकटवला की एकमेकांना जोडलेली अक्षरं सुटी व्हायची आणि उलट्या दिशेनं लागायची. ज्याला वाचताच येत नाही त्याला दोन्ही सारखंच दिसतं.

एका ब्युटी पार्लरच्या पाटीनं मला हे कायमचं शिकवलं. सौंदर्य खुलवण्याला अरबीत ‘तजमील’ म्हणतात. त्यातल्या ‘जीम’ अक्षराचं टिंब गेलं की शब्द ‘तहमील’ होतो, म्हणजे माल चढवणं. आपला ‘हमाल’ त्याच धातूतून आला आहे. आमच्या डिझाइनमध्ये नेमकं तेच टिंब पडलं होतं. मालकीणबाईंनी सही केली, मी केली, फ्लेक्स छापला, पाटी चढली. दुसऱ्या दिवशी शेजारच्या ओमानी आजोबांनी थांबून त्यांना सांगितलं, तेव्हा कळलं. बाईंचे डोळे भरून आले होते. साठवलेल्या पैशांतून त्यांनी ते पार्लर थाटलं होतं.

शेठनी सहीचा कागद पुढे केला नाही. फ्लेक्स पदरच्या पैशानं पुन्हा छापला. मला आजही वाटतं की त्यांनी बरोबर केलं. न वाचता येणाऱ्या मजकुरावर घेतलेली सही ही मंजुरी नव्हेच. त्यानंतर आम्ही अरबी मजकुराखाली त्याचा उच्चार आणि अर्थ छापू लागलो, आणि गिऱ्हाइकाचा अरबाब (स्थानिक मालक) किंवा मंदूब (प्रतिनिधी) तो मोठ्यानं वाचून दाखवेपर्यंत थांबू लागलो. मोजमाप आणि रंग यांसाठी वेगळ्या सह्या. रंगाचा तुकडा उन्हात नेऊन दाखवायचा, कारण ट्यूबलाइटखालचा लाल मस्कतच्या उन्हात तसा दिसत नाही.

पुढे व्हॉट्सॲप आलं आणि सहीच्या जागी अंगठ्याचं चित्र येऊ लागलं. ते नेमकं कशाला होकार देतं? फोटो मिळाल्याला, दराला की मजकुराला? आम्ही अंगठा मानायचं बंद केलं. ‘वाचलं, मंजूर’ एवढं लिहून पाठवा म्हणायचो. काही गिऱ्हाइकं चिडली, पण तुटलं कुणी नाही.

विसाराचा संकोच मोडला तो तेलाच्या भावानं. २०१४च्या मध्यापर्यंत पिंपाला शंभर डॉलरच्या वर असलेला भाव जानेवारी २०१६मध्ये तिसाच्या खाली गेला. पाटी तयार होईपर्यंत दुकानच गुंडाळलं जाऊ लागलं. मग निम्मे पैसे आधी, हा नियम झाला. कंपनीचा एलपीओ, म्हणजे लेखी खरेदी-आदेश, असला तरी. एप्रिल २०२०मध्ये कोविडमुळे मस्कतच्या सीमा बंद झाल्या तेव्हा उलटा पेच पडला, विसार आमच्याकडे आणि गिऱ्हाईक संकटात. पत्रा कापला नसेल तर सगळे पैसे परत, कापला असेल तर झालेल्या कामापुरते ठेवायचे, असं आम्ही तेव्हा ठरवलं आणि पुढे पावतीवरच छापून टाकलं.

१६ एप्रिल २०२१ला ओमानमध्ये पाच टक्के व्हॅट आला. वर्षाला ३८,५०० रियालच्या वर उलाढाल असलेल्यांना नोंदणी सक्तीची झाली, आणि आगाऊ रक्कम हातात पडली की तेवढ्यावर कर लागू होऊ लागला. ज्या विसाराचं नाव काढायला शेठ लाजत, त्याचं रीतसर बिल फाडावं लागू लागलं.

मस्कतला किंवा आपल्याकडे, जे कुणी आता या धंद्यात उतरत असतील त्यांना एकच विनंती. आपल्याला न येणाऱ्या लिपीतला मजकूर असेल तर ती वाचणारा माणूस समोर बसवा आणि त्याच्या तोंडून शब्द ऐका. मग सही घ्या, मग विसार, मग परवानगी. पत्र्याला हात सगळ्यात शेवटी लावा.