खारे पाणी, गोडे पाणी : स्कूबा साहित्याची निगा

समुद्राच्या एक किलो पाण्यात सरासरी ३५ ग्रॅम क्षार विरघळलेले असतात. साहित्य ओले असेपर्यंत ते सहज धुतले जातात. पण पाणी उडून गेले की त्यांचे कठीण, धारदार स्फटिक बनतात आणि झडपांच्या फटींत, रबरी कड्यांखाली व चेनच्या दातांत घट्ट बसतात. क्षार वाळण्याआधी गोड्या पाण्याने काढून टाकावेत, हे सूत्र ध्यानात ठेवले तर स्कूबा साहित्याच्या निगेचे बहुतेक नियम आपोआप उलगडतात.

स्कूबा म्हणजे श्वासाची हवा पाठीवर वाहून नेत केलेले पाणबुडेपण. १९४३ मध्ये फ्रान्समध्ये झाक कुस्तो आणि एमिल गान्यां यांनी श्वास घेताच हवा देणारी झडप पाण्याखालच्या वापरासाठी सिद्ध केली आणि या विद्येला आजचे रूप आले. मालवण-तारकर्लीच्या किनाऱ्यावर डायव्हिंगचा हंगाम पावसाळ्यानंतर सुरू होऊन मेपर्यंत चालतो. म्हणजे दरवर्षी साहित्य काही महिने दमट हवेत पडून राहते आणि दिवाळीच्या सुमारास पुन्हा पाण्यात उतरते.

साहित्यातील सर्वांत नाजूक भाग म्हणजे रेग्युलेटर, अर्थात हवेचा दाब टप्प्याटप्प्याने कमी करणारे उपकरण. भरलेल्या सिलिंडरमधील दाब साधारण २०० बार असतो. सिलिंडरवर बसणारा पहिला टप्पा तो भोवतालच्या पाण्यापेक्षा सुमारे १० बार जास्त इतका खाली आणतो, आणि तोंडात धरायचा दुसरा टप्पा हवा भोवतालच्या दाबाइतकी करून देतो. डुबकीनंतर पहिल्या टप्प्याच्या तोंडावरचे झाकण कोरड्या फडक्याने पुसून घट्ट बसवावे आणि मगच रेग्युलेटर कोमट गोड्या पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवावा. तो पाण्यात असताना दुसऱ्या टप्प्याचे पर्ज बटण दाबू नये, कारण त्यामुळे झडप उघडते आणि पाणी नळीतून थेट पहिल्या टप्प्यापर्यंत पोहोचू शकते. वाळवताना नळ्यांची सैल वेटोळी करावीत. टोकाशी तीव्र वाकलेली नळी तिथेच आधी चिरते.

तरंगण्यावर ताबा ठेवणाऱ्या हवेच्या जाकिटाला बीसीडी म्हणतात. ते बाहेरून धुणे पुरेसे नसते, कारण हवा सोडताना समुद्राचे पाणी त्याच्या पिशवीत शिरते. म्हणून पिशवीत एक तृतीयांश गोडे पाणी भरून, थोडी हवा घालून, ती सर्व बाजूंनी हलवावी व पाणी काढून टाकावे. नंतर पिशवीच्या आतल्या बाजू एकमेकींना चिकटू नयेत म्हणून जाकीट अर्धवट फुगवून सावलीत टांगावे.

सिलिंडर कधीही पूर्ण रिकामा करू नये. आत थोडा दाब शिल्लक असला की दमट हवा व पाणी शिरत नाही. पोलादी सिलिंडरमध्ये मात्र ओलावा शिरला, तर गंज धरतो आणि तो गंज आतील हवेतला ऑक्सिजनही शोषून घेतो. तळाचे रबरी बूट काढून त्याखालचे क्षारही धुवावेत. अमेरिकेत दर ५ वर्षांनी जलदाब चाचणी सक्तीची आहे: सिलिंडर पाण्याने भरून, नेहमीपेक्षा जास्त दाब देऊन, धातू किती ताणला जातो आणि दाब काढल्यावर किती मूळ आकाराला परततो, हे तीत मोजतात. चाचणीची तारीख सिलिंडरच्या खांद्यावर कोरलेली असते. भाड्याने साहित्य घेणाऱ्यानेही ती वाचावी.

वेटसूट निओप्रीनचा, म्हणजे वायूच्या असंख्य बंद बुडबुड्यांनी भरलेल्या रबराचा असतो. घडी घालून किंवा ओझ्याखाली ठेवल्यास हे बुडबुडे चेपतात व ऊब कमी होते; म्हणून तो जाड खांद्यांच्या हँगरवर टांगावा, कडक उन्हात वाळत घालू नये. नव्या मास्कच्या काचेवरील कारखान्यातील थर साध्या टूथपेस्टने घासून काढला नाही, तर काचेवर सतत वाफ धरते. फिन्स टोकांवर उभे ठेवल्यास वाकतात, म्हणून ते आडवे ठेवावेत.

सांधे हवाबंद ठेवणारी रबरी ओ-रिंग किमतीने किरकोळ, पण तिच्यावर साऱ्या साहित्याची भिस्त असते. ती चिरली, चपटली किंवा कडक झाली तर लगेच बदलावी आणि सिलिकॉन ग्रीस अगदी पातळ लावावे, कारण जास्त ग्रीसला वाळू चिकटते.

पावसाळ्याआधी सर्व साहित्य पूर्ण वाळवून, हवेशीर जागी, उंदरांपासून व कुबट वासापासून दूर ठेवावे. हंगामाच्या प्रारंभी रेग्युलेटर सिलिंडरला न जोडता, झाकण बसवून, दुसऱ्या टप्प्यातून हळूच श्वास ओढून पाहावा. हवा आत आली, तर पडदा किंवा बाहेर सोडणारी झडप फुटली आहे असे समजावे. नंतर जोडणी करून, हवा सोडून, सांधे पाण्यात बुडवावेत आणि बुडबुडे दिसतात का ते पाहावे. रेग्युलेटरची अंतर्गत दुरुस्ती मात्र घरी करू नये. उत्पादकाने सांगितलेल्या मुदतीत, प्रशिक्षित तंत्रज्ञाकडूनच ती करून घ्यावी आणि तिची नोंद डुबकीच्या वहीत ठेवावी. पाण्याखाली माणूस ज्या हवेवर जगतो, तिची सुरक्षितता किनाऱ्यावरच्या गोड्या पाण्याच्या एका बादलीपासून सुरू होते.