बांधकामाचे व्यवस्थापन : एक अभ्यासविषय

नागपूर ते मुंबई हा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग बुलढाणा जिल्ह्यातून मेहकर, सिंदखेड राजा या भागांतून जातो. त्याचा नागपूर-शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी आणि अखेरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. याच जिल्ह्यात नांदुरा तालुक्यात पूर्णा नदीवर जिगाव येथे मातीचे मोठे धरण बांधले जात आहे. नव्वदच्या दशकात काही शे कोटी रुपयांचा असलेला त्याचा अंदाज पुढे कित्येक हजार कोटींवर गेला. भूसंपादन, गावांचे पुनर्वसन आणि वाढते भाव यांनी काम लांबले, आणि काम लांबले म्हणून खर्च पुन्हा वाढला.

पूल किंवा धरण कसे उभे राहते हे स्थापत्य अभियांत्रिकी सांगते. पण ते ठरलेल्या दिवसांत, ठरलेल्या पैशांत आणि कोणाचा जीव न जाता कसे उभे करायचे? या प्रश्नाचा अभ्यास म्हणजे बांधकाम व्यवस्थापन.

एका वर्गखोलीचे गणित

आपण शाळेची एक खोली बांधायला घेतली असे समजू. कामे आणि त्यांना लागणारे दिवस असे : पाया १२, भिंती १८, सेंट्रिंग करून सळई बांधणे व स्लॅब ओतणे ६, स्लॅबला पाणी मारणे व टेकू ठेवणे १४, गिलावा व फरशी १०, रंग ६. ही कामे एकामागून एक केली तर ६६ दिवस होतात. सुताराकडे बाके बनायला २० दिवस लागतात; पण ते काम स्वतंत्रपणे चालू शकते.

आता सुताराला घाई केली तर खोली लवकर होईल का? नाही. बाके ६६ व्या दिवशी हवीत, म्हणजे त्या कामात ४६ दिवसांची सवड आहे. भिंतींवर मात्र गवंडी वाढवून ४ दिवस वाचवले, तर पूर्ण कामाचे ४ दिवस वाचतात. ज्या साखळीत अजिबात सवड नसते, तिला निर्णायक मार्ग म्हणतात. १९५७ च्या सुमारास अमेरिकेत ड्यूपाँ या रसायन कंपनीच्या कामासाठी ही पद्धत विकसित झाली. आज संगणकावर हजारो कामांचे असे जाळे मांडतात. तत्त्व तेच आहे.

स्लॅबचे १४ दिवस कमी करावेत, असा मोह प्रत्येक ठेकेदाराला होतो. पण काँक्रीट वाळून नव्हे, तर सिमेंट व पाणी यांच्या रासायनिक क्रियेने घट्ट होते. म्हणून आयएस ४५६ ही भारतीय संहिता साध्या सिमेंटला किमान ७ दिवस, आणि हवा उष्ण-कोरडी असेल तर किमान १० दिवस ओलावा राखायला सांगते. साडेचार मीटरहून अधिक गाळ्याच्या स्लॅबचे टेकू साधारणपणे १४ दिवस काढायचे नसतात. हे दिवस कापता येत नाहीत; त्यांचा उपयोग करता येतो. गिलाव्यातला ५ दिवसांचा बाहेरचा भाग याच काळात उरकला, तर ६६ चे ६१ दिवस होतात.

हिशेबात जागाही येते. काळी माती भिजली की फुगते आणि वाळली की भेगाळते. तेव्हा पाया मुरमापर्यंत न्यावा लागतो. आपल्याकडे मे महिन्यात पाण्याची टंचाई असते आणि जूनमध्ये पाऊस येतो. स्लॅब कोणत्या आठवड्यात ओतायचा, पाणी कोठून आणायचे, हे आधी ठरवले नाही तर उत्तम नकाशाही वाया जातो.

माणसांचा हिशेब

२० ऑगस्ट २०२१ रोजी सिंदखेड राजा परिसरात, समृद्धी महामार्गाच्या कामावरचे मजूर आणि लोखंडी सळया एकत्र नेणारे वाहन उलटले. १३ मजुरांचा मृत्यू झाला. सळयांसोबत माणसे बसवू नयेत, हे कळायला पदवी लागत नाही. परंतु मजुरांसाठी वेगळे वाहन अंदाजपत्रकात धरणे, आणि ते नसेल तर काम थांबवणे, हे कोणाचे तरी नेमलेले काम असावे लागते. म्हणून या अभ्यासक्रमात सुरक्षितता हा स्वतंत्र विषय असतो. नियोजन, अंदाजपत्रक, करारांचा कायदा, यंत्रसामग्री आणि गुणवत्ता नियंत्रण हे इतर विषय.

शिक्षण आणि वाटा

दहावीनंतर तंत्रनिकेतनात स्थापत्याची तीन वर्षांची पदविका करता येते. तेथून पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळू शकतो. बारावीनंतर सामाईक प्रवेश परीक्षा देऊन पदवीला जाता येते. बांधकाम व्यवस्थापन हा विषय मुख्यतः पदव्युत्तर पातळीवर शिकवतात. मुंबईची वीरमाता जिजाबाई तंत्रज्ञान संस्था आणि १९८३ साली सुरू झालेली पुण्याची निकमार ही त्याची ठळक ठिकाणे. सिंदखेड राजा हे जिजाऊंचे जन्मगाव. त्यांचे नाव असलेल्या संस्थेत या तालुक्यातली मुले-मुली जावीत, असे आम्हाला वाटते.

पुढे नियोजन अभियंता, मोजमापे व देयके पाहणारा अभियंता, सुरक्षा अधिकारी, गुणवत्ता तपासनीस, करारतज्ज्ञ किंवा प्रकल्प सल्लागार होता येते. सार्वजनिक बांधकाम, जलसंपदा आणि जिल्हा परिषद येथे अभियंत्यांची पदे असतात. २०१७ पासून महारेरामुळे नोंदणीकृत गृहप्रकल्पाच्या पूर्णत्वाची तारीख जाहीर करावी लागते. त्यामुळे ती तारीख पाळू शकणाऱ्या माणसाची किंमत वाढली आहे. मात्र हे काम उन्हातले, वारंवार गाव सोडायला लावणारे आहे, हेही विद्यार्थ्यांना सांगावे.

शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. गावात बंधारा, खोली किंवा रस्ता होत असेल, तर नववी-दहावीच्या मुलांना तेथे न्यावे, मिस्त्रींना प्रत्येक कामाचे दिवस विचारावेत आणि फळ्यावर कामांचे जाळे काढावे. कोणते काम एक दिवस चुकले की सगळेच चुकते, ते मुलांनी शोधावे. त्यासाठी बेरीज आणि वजाबाकी पुरेशी आहे.