थंड हवेच्या शोधात होक्काइदो : ज्येष्ठांसह उन्हाळी सहल कशी आखावी?

भारतातून आई-वडील तीन महिन्यांसाठी टोकियोला येणार असले, की निशिकासाईतल्या बहुतेक मराठी घरांत तारखांचे गणित सारख्याच रीतीने मांडले जाते. चेरीचा बहर गाठायचा असेल तर मार्चअखेर, नातवंडांची सुट्टी साधायची असेल तर जुलै-ऑगस्ट. दुसरा पर्याय निवडणाऱ्यांची पंचाईत जुलैच्या मध्यावर सुरू होते. पावसाळी ‘त्सुयु’ सरतो आणि शहर तापू लागते. पस्तीस अंशांचे विदर्भ-मराठवाड्यातून आलेल्या माणसाला काय अप्रूप? पण इथल्या दमट हवेत घाम वाळत नाही आणि कित्येक रात्री तापमान पंचविशीच्या खाली उतरत नाही. जपानमध्ये दर उन्हाळ्यात उष्माघाताने दगावणाऱ्यांत ज्येष्ठांचाच भरणा अधिक असतो आणि त्यांतले अनेक जण उन्हात नव्हे, घरातच असतात. म्हणून आठवडाभर उत्तरेकडे जाण्याचा बेत ही केवळ हौस राहत नाही. तो नीट आखायला हवा.

आपल्या मनात थंड हवेचे ठिकाण म्हणजे घाट चढून जायची जागा. महाबळेश्वर थंड, कारण ते सुमारे १,३७० मीटर उंचीवर आहे. टोकियोकरांचे कारुइझावाही त्याच न्यायाने, सुमारे १,००० मीटरवर वसलेले. होक्काइदोचा थंडावा मात्र प्रामुख्याने अक्षांशाचा आणि समुद्राचा आहे. ऑगस्टचे सरासरी तापमान टोकियोत सुमारे २७ अंश, ४३ अक्षांशावरच्या साप्पोरोत सुमारे २२, तर पूर्व किनाऱ्यावरच्या कुशिरोत १८ च्या आसपास असते. शिवाय जपानचे हवामान खाते होक्काइदोसाठी ‘त्सुयु’ जाहीरच करत नाही.

एकच बेट, निराळ्या हवा

या सरासरीवर विसंबून राहणे मात्र धोक्याचे. डोंगरांनी वेढलेल्या आसाहिकावा, फुरानो, कितामी या आतल्या भागांत दुपारी चांगलेच तापते. २०१९ च्या मे महिन्यात सारोमा या गावी ३९.५ अंशांची नोंद झाली होती. खुद्द साप्पोरोने २३ ऑगस्ट २०२३ रोजी ३६.३ अंशांचा आपला उच्चांक पाहिला. इथली घरे आणि जुनी विश्रामगृहे पिढ्यान्‌पिढ्या हिवाळ्याच्या हिशेबाने बांधली गेली, त्यामुळे वातानुकूलन सर्वत्र असेलच असे नाही. खोली आरक्षित करताना हा प्रश्न आधी विचारावा.

खात्रीचा गारवा हवा असेल तर पूर्वेकडे जावे. ओयाशियो हा थंड सागरी प्रवाह त्या किनाऱ्यालगत वाहतो. दक्षिणेकडून येणारी उबदार, बाष्पयुक्त हवा त्याच्यावरून जाताना गारठते आणि दाट धुके होऊन कुशिरोवर उतरते. भर जुलैत तिथे स्वेटर लागतो. त्याची किंमत एवढीच, की कित्येक दिवस सूर्यदर्शन होत नाही आणि माशू सरोवराच्या काठी जाऊनही पांढऱ्या पडद्यापलीकडे काही दिसेलच याची हमी नसते.

अंतरांचा फसवा नकाशा

दुसरी चूक अंतरांची. होक्काइदोचे क्षेत्रफळ सुमारे ८३ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या चतुर्थांशाहून थोडे अधिक. साप्पोरो ते कुशिरो लोहमार्गाने साडेतीनशे किलोमीटरच्या घरात असून जलद गाडीलाही चार तासांहून अधिक वेळ लागतो. आम्ही पहिल्या वर्षी सहा दिवसांत पाच मुक्काम आखले होते. चौथ्या दिवशी वडिलांनी बॅग भरायला नकार दिला आणि “तुम्ही जाऊन या, मी इथे बसतो” एवढेच म्हणाले. त्यांचे रागावणे रास्त होते. सहल आम्ही आमच्या वयाने आखली होती.

तेव्हापासून आमचा नियम एकच : सात दिवसांत दोनच तळ. तीन-चार रात्री साप्पोरो किंवा आसाहिकावा, उरलेल्या कुशिरोत. जुन्या मार्गदर्शक पुस्तकांत फुरानोहून शिंतोकुमार्गे थेट पूर्वेला जाणारा लोहमार्ग दिसेल. तो तुटक भाग १ एप्रिल २०२४ पासून कायमचा बंद झाला आहे. आता गाडीने जायचे तर साप्पोरोच्या दिशेला मागे येऊनच पूर्वेची वाट धरावी लागते.

टोकियोहून शिन-चितोसे विमानतळापर्यंतचा प्रवास दीड तासाचा. शिनकान्सेनने जाण्यात निराळी मौज आहे : ५३.८५ किलोमीटरच्या सेइकान बोगद्यातून समुद्राखालून जाता येते. पण ती गाडी २०१६ पासून शिन-हाकोदाते-होकुतोपर्यंतच धावते. चार तासांच्या त्या प्रवासानंतर साप्पोरोसाठी आणखी साडेतीन तास मोजावे लागतात. देशभर चालणारा जपान रेल पास अल्पकालीन व्हिसावर आलेल्या आई-वडिलांना मिळतो, इथे नोकरी करणाऱ्या मुलाला नाही. तेव्हा कुटुंबाचा हिशेब एकाच दराने करू नये.

मोटार भाड्याने घेणाऱ्यांनी परवाना आधी तपासावा. इथला रहिवासी तीन महिन्यांहून कमी काळ भारतात राहून नवा आंतरराष्ट्रीय परवाना घेऊन परतला, तर तो ग्राह्य धरला जात नाही. जपानी परवानाच लागतो आणि ऑक्टोबर २०२५ पासून भारतीय परवाना बदलून घेण्याची परीक्षा अधिक कडक झाली आहे. संध्याकाळनंतर रस्त्यावर हरणे अचानक येतात, म्हणून अंधारापूर्वी मुक्काम गाठावा.

काय पाहावे, कसे पाहावे

लॅव्हेंडरचा बहर फुरानोत साधारण जुलैच्या मध्यावर ऐन भरात असतो. १३ ते १६ ऑगस्टच्या सुमारास ओबोनची सुट्टी येते, तेव्हा भाडी चढतात आणि खोल्या मिळत नाहीत. जुलैचा पहिला पंधरवडा सर्वांत सोयीचा. गुडघे दुखणाऱ्यांनाही डोंगर पाहता येतो : २,२९१ मीटर उंचीच्या आसाहिदाकेवर रोपवे सुमारे १,६०० मीटरपर्यंत नेतो आणि जुलैतही घळींत बर्फाचे पट्टे दिसतात. साप्पोरोहून जलद गाडीने तासाभरावर असलेल्या शिराओईत २०२० साली उघडलेले ‘उपोपोय’ हे आइनू संग्रहालय आहे. ‘साप्पोरो’ हे नावही आइनू भाषेतूनच आले, हे तिथे गेल्यावर नीट उमगते.

जागतिक वारशात २००५ साली समाविष्ट झालेल्या शिरेतोकोला जाताना अस्वलांचा विचार करावाच लागतो. ऑगस्ट २०२५ मध्ये तिथल्या राउसु पर्वतावर एका तरुण गिर्यारोहकाचा अस्वलाच्या हल्ल्यात मृत्यू झाला. पाच सरोवरांच्या पायवाटेवर १० मे ते ३१ जुलै या काळात नोंदणीकृत वाटाड्याशिवाय प्रवेश नसतो. ज्येष्ठांसाठी विजेच्या कुंपणाने सुरक्षित केलेला, सुमारे ८०० मीटर लांबीचा उंच लाकडी मार्ग उत्तम.

शाकाहारी मंडळींची खरी अडचण ‘दाशी’ची. भाजीच्या रश्श्यातही बोनितो माशाचा अर्क असतो. साप्पोरोचे प्रसिद्ध ‘सूप करी’ भाज्यांचे मागवले तरी त्याचा रस्सा बहुधा कोंबडीच्या हाडांचा. “कोम्बुच्या दाशीत करता येईल का?” असे विचारून पाहावे, कारण कोम्बु ही समुद्रवनस्पती इथलीच पैदास आहे. स्वयंपाकघर असलेली खोली घेतली तर प्रश्नच मिटतो. बटाटा, मका आणि दूध होक्काइदोइतके चांगले इतरत्र क्वचितच मिळते. भाजणीचा डबा तेवढा सोबत असू द्यावा.

शेवटची बाब विम्याची. पाहुण्या पालकांना जपानचा राष्ट्रीय आरोग्य विमा लागू होत नाही. प्रवासविम्यात रक्तदाब, मधुमेह असे आधीपासूनचे आजार समाविष्ट आहेत का, हे निघण्यापूर्वीच तपासावे. पूर्वेकडच्या गावांत मोठे रुग्णालय लांब असू शकते.

दुसऱ्या खेपेस आम्ही कुशिरोत चार रात्री राहिलो. दोन दिवस धुके होते. पाणथळीतले लाल डोक्याचे तांचो क्रौंच तिसऱ्या दिवशी दिसले. त्याआधीचे दोन दिवस वडील शाल पांघरून खिडकीशी वर्तमानपत्र वाचत होते. टोकियोत आल्यापासून पहिल्यांदाच रात्रभर शांत झोप लागली, असे ते म्हणाले. तेवढ्यासाठी पुन्हा जावे.