स्वस्त विमानाची खरी किंमत

हलक्या क्रीडाविमानांवरील वजनाचे जुने बंधन उठविण्याचा निर्णय अमेरिकेच्या हवाई प्रशासनाने जुलै २०२५ मध्ये जाहीर केला. आता आकाश सामान्य मनुष्याच्या आवाक्यात येईल, अशी ग्वाही त्यानंतर दिली जात आहे. अशीच ग्वाही २००४ सालीही देण्यात आली होती. म्हणून मधल्या वीस वर्षांचा हिशेब तपासून पाहणे अगत्याचे आहे.

२००४ मध्ये हा वर्ग प्रथम निर्माण झाला. आसने दोन, वजन सुमारे ६०० किलोंपर्यंत, किमान उड्डाणशिक्षण ४० ऐवजी २० तासांचे आणि वैद्यकीय दाखल्याऐवजी मोटार चालविण्याचा परवाना पुरेसा. हेतू निर्विवाद चांगला होता. सेस्ना या नामांकित कंपनीने २००७ मध्ये ‘स्कायकॅचर’ विमानाची घोषणा केली. किंमत १ लाख ९ हजार ५०० डॉलर. मागणीचा पाऊस पडला. खर्च आटोक्यात राहावा म्हणून बांधणीचे काम चीनकडे सोपविण्यात आले. परंतु चाचण्यांत दोन नमुने कोसळले, शेपटीची रचना बदलावी लागली आणि पुढे किंमत १ लाख ४९ हजारांवर गेली. २०० विमानेही न खपता २०१३ मध्ये उत्पादन थांबले. पाण्यावरही उतरणाऱ्या ‘आयकॉन ए-५’ची कथा याहून बोलकी आहे. १ लाख ३९ हजारांपासून निघालेली किंमत २०१७ मध्ये ३ लाख ८९ हजारांवर पोहोचली आणि २०२४ मध्ये कंपनीला दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला.

हा सारा कारखानदारांच्या लोभाचा परिणाम, असे म्हणणे अन्यायाचे होईल. मोटारी लाखांनी खपतात, ही विमाने शेकड्यांनी. संशोधनाचा, चाचण्यांचा आणि नुकसानभरपाईच्या दाव्यांचा बोजा त्या शेकड्यांवरच पडतो. विमान घरी आल्यावरही विमा, हँगरचे भाडे आणि वार्षिक तपासणी चुकत नाही. चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला! समजा, हा ठरीव खर्च वर्षाला १० हजार डॉलर आहे. हौशी मालक वर्षात ५० तास उडाला, तर तासामागे २०० डॉलर पडतात. तेच विमान क्लबच्या सभासदांनी ५०० तास वापरले, तर अवघे २०. स्वस्ताईचे मर्म यंत्रापेक्षा त्याच्या वापरात आहे.

आपल्या देशाने या हिशेबातून बोध घ्यावा. बंगळूरच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेचे दोन आसनी ‘हंसा’ विमान १९९३ मध्ये प्रथम उडाले आणि त्याची सुधारलेली आवृत्ती २०२१ मध्ये. अशा लहान विमानांना लागणारे पेट्रोल आपण आयात करीत असू. २०२२ मध्ये बडोद्याच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात तयार झालेले स्वदेशी इंधन बाजारात आले. यंत्र आहे, इंधन आहे. तरीही वैमानिक होण्यासाठी लाखो रुपये मोजावे लागतात आणि शाळामास्तराच्या गुणी मुलीला ते दार बंदच राहते. १९२९ मध्ये वैमानिकाचा परवाना मिळविणारे जे. आर. डी. टाटा यांच्यासारखे धनिकही मुंबईच्या फ्लाइंग क्लबातच उडण्यास शिकले, याचे विस्मरण होऊ नये.

शासनास साहाय्य करावयाचेच असेल, तर ते विमान बाळगणाऱ्याच्या हौशीला नव्हे, शिकणाऱ्याच्या उड्डाणतासाला करावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. जुने फ्लाइंग क्लब सावरावेत, त्यांना हलकी विमाने पुरवावीत आणि एकेक विमान दिवसभर हवेत राहील अशी व्यवस्था करावी. हँगरमध्ये धूळ खात पडलेले विमान कितीही स्वस्तात घेतले, तरी ते महागच.