पाण्याच्या टेबलामागचा धावपटू

सहरी आटोपून, फजरची नमाज पढून ते थेट शर्यतीच्या ठिकाणी पोहोचले. अंगात धावण्याचा टी-शर्ट होता, पायांत धावण्याचे बूट होते, पण छातीवर नंबर नव्हता. मार्च २०२५ मधला रविवार, रमजानचा महिना आणि नांदेडमधली दहा किलोमीटरची शर्यत. एरवी सुरुवातीच्या रेषेवर उभे राहणारे हे गणिताचे शिक्षक त्या दिवशी पाचव्या किलोमीटरवर, पाण्याच्या टेबलामागे उभे होते. स्वतःचा रोजा होता आणि हातात इतरांसाठी पाण्याच्या बाटल्या.

सोबतीला कॉलेजची चार मुलं होती. त्यातला एक म्हणाला, "सर, आधी तुम्ही तरी पाणी पिऊन घ्या. नंतर गर्दीत जमायचं नाही."

"माझं संध्याकाळी," सर म्हणाले. "तू झाकणं सैल करून ठेव. पळणाऱ्याला झाकण उघडायला वेळ नसतो."

थोड्या वेळानं पहिले धावपटू आले. त्यांनी न थांबता बाटली घेतली, दोन घोट प्यायले, उरलेलं डोक्यावर ओतलं आणि बाटली टाकून पुढे गेले. मग मोठा घोळका आला. पाचेक मिनिटं टेबलावर नुसते हातच हात होते. घोळका ओसरल्यावर सरांनी मागे वळून रस्त्याकडे पाहिलं. दोनशे मिलिलिटरच्या बाटल्या दुतर्फा पसरल्या होत्या. बऱ्याच बाटल्यांत निम्म्याहून जास्त पाणी होतं. काहींतून ते हळूहळू डांबरावर सांडत होतं.

सरांना कुणाचा राग आला नाही. सहा वर्षं प्रत्येक शर्यतीत त्यांनी स्वतः हेच केलं होतं. पळणाऱ्याला आपण टाकलेली बाटली दिसत नाही, कारण तो पुढे गेलेला असतो. ती दिसायला टेबलाच्या या बाजूला उभं राहावं लागतं.

सरांना ते दृश्य एवढं लागलं, याचं एक कारण रोजा होतं. दुसरं कारण त्यांचं गाव. ते मूळचे लातूरचे.

लातूरकरांना २०१६ चा उन्हाळा वेगळा सांगावा लागत नाही. धनेगावचं मांजरा धरण कोरडं पडलं होतं. पाणी भरण्याच्या ठिकाणी भांडणं होऊ नयेत म्हणून प्रशासनाला जमावबंदी लावावी लागली होती. १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वेगाडी लातूरला आली. दहा वाघिणी, प्रत्येकीत सुमारे पन्नास हजार लिटर, म्हणजे एकूण साधारण पाच लाख लिटर पाणी. साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास प्रवास करून आलेलं ते पाणी बघायला लोक स्टेशनवर गेले होते. त्याच वर्षी जूनमध्ये रमजान आला. घरात टँकरच्या पाण्याचे हंडे मोजून ठेवलेले असत. वजूला किती, स्वयंपाकाला किती, इफ्तारला किती, हे सरांची आई ठरवत असे. वजूचं पाणी बादलीत धरून ते अंगणातल्या लिंबाला घालायचं, हा त्या दिवसांतला नियम त्यांच्या घरात अजून टिकून आहे.

सरांचं धावणं सुरू झालं ते रक्तातली साखर वाढली म्हणून. डॉक्टरांनी चालायला सांगितलं. विष्णुपुरीच्या रस्त्यावर पहाटे चालता चालता धावणाऱ्यांचा एक गट भेटला. त्यात एक दुकानदार सरदारजी होते, एक भूलतज्ज्ञ डॉक्टर होते, बँकेत काम करणाऱ्या एक मॅडम होत्या आणि पोलीस भरतीची तयारी करणारी दोन-तीन पोरं होती. "सर, पुढच्या पुलापर्यंत तर या," असं म्हणत त्यांनी सरांना पाच किलोमीटर, मग दहा किलोमीटर पळवलं.

पहिल्या शर्यतीचा नंबर हातात आला तेव्हा चाळिशी ओलांडलेल्या सरांना दहावीचं हॉल तिकीट मिळाल्यासारखं वाटलं. नंबराच्या कागदामागे चिकटवलेली चिप असते. सुरुवातीच्या आणि शेवटच्या पट्टीवरून जाताना ती वेळ नोंदवते, म्हणून गर्दीत मागे उभं राहिलं तरी वेळ वाया जात नाही, हे त्यांना तिथेच कळलं. ठरावीक वेळेत शर्यत पूर्ण करून देणारा 'पेसर' झेंडा घेऊन पळतो आणि त्याच्यामागे चाळीस-पन्नास जण एसटीत बसल्यासारखे जातात, हेही त्यांनी पाहिलं. सगळ्यात नवल वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. शर्यत एकच जण जिंकतो आणि तरी उरलेले शेकडो लोक खुशीत घरी जातात. वर्गात असं कधी होत नाही.

पुढे सर हैदराबादच्या ऑगस्टमधल्या मॅरेथॉनमध्ये अर्ध्या अंतराला, म्हणजे २१.१ किलोमीटरला उतरले. तिथले उड्डाणपूल आणि दमट हवा यांची गटात सगळ्यांनीच धास्ती घातली होती. पाणी कमी पडेल या भीतीनं सरांनी दिसेल त्या प्रत्येक टेबलावर पोटभर पाणी प्यायलं. चौदाव्या किलोमीटरला पोटात पाणी डचमळू लागलं, मळमळ सुरू झाली आणि शेवटचे चार किलोमीटर चालत काढावे लागले. चूक त्यांची स्वतःचीच होती. परतीच्या गाडीत डॉक्टरांनी समजावलं, की धावताना पाणी कमी पडलं तर त्रास होतो, तसा ते फार झालं तरी होतो. गरजेपेक्षा खूप पाणी प्यायल्यास रक्तातलं सोडियम पातळ होतं. चक्कर, गोंधळ, आकडी आणि क्वचित मृत्यूपर्यंत प्रकरण जाऊ शकतं. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त शर्यतीनंतर तपासलं गेलं होतं. त्यातल्या १३ टक्के लोकांचं सोडियम सामान्यपेक्षा कमी होतं. दर आठांत एक, असा हिशेब गणिताच्या सरांनी तिथल्या तिथे केला.

उलट टोकाचं उदाहरणही इतिहासात आहे. १९०४ च्या सेंट लुईस ऑलिम्पिकची मॅरेथॉन भर उन्हात, धुळीच्या रस्त्यावर झाली. पाण्याशिवाय शरीर किती टिकतं हे आयोजकांना पाहायचं होतं, म्हणून वाटेत पाण्याची सोय जवळजवळ ठेवलीच नव्हती. ३२ जण धावले, त्यातले १४ जणच शेवटपर्यंत पोहोचले. आज आंतरराष्ट्रीय नियमांनुसार लांब पल्ल्याच्या रस्त्यावरच्या शर्यतीत साधारण दर पाच किलोमीटरला पाणी आणि पेयाची सोय असते. आपल्याकडे मार्चमध्ये सकाळी आठलाच ऊन चटके देतं, तिथे टेबलं याहून जवळ हवीत. पाणी द्यायचंच आहे आणि ते मुबलक द्यायचं आहे. पण जे दिलं ते पोटात जातं की डांबरावर, एवढाच प्रश्न आहे.

रमजानमध्ये धावावं की नाही, हा प्रश्न सरांना दरवर्षी विचारला जातो. त्यांचं उत्तर सरळ आहे. या महिन्यात ते वेग आणि अंतर दोन्ही विसरतात. इफ्तारच्या आधी अर्धा तास हळूहळू धावायचं, म्हणजे थांबलं की थोड्या वेळात पाणी मिळतं. ते जमलं नाही तर तरावीहनंतर रात्री. साखरेच्या गोळ्या चालू असल्यानं रोज्यांआधी डॉक्टरांना विचारूनच वेळापत्रक ठरतं. रोजा ठेवून शर्यत पळायची नाही, हा त्यांचा स्वतःपुरता नियम. लंडनचं २०१२ चं ऑलिम्पिक रमजानमध्येच आलं होतं. तेव्हा काही मुस्लीम खेळाडूंनी रोजे ठेवले, तर अनेकांनी ते नंतर पूर्ण करायचं ठरवलं. आजारी माणसाला आणि प्रवाशाला धर्मानंच ही सवलत दिली आहे.

चांद्र वर्ष दहा-अकरा दिवसांनी लहान असल्यामुळे रमजान दरवर्षी मागे सरकतो. २०२९ मध्ये तो जानेवारीच्या मध्याला सुरू होण्याची शक्यता आहे. मुंबई मॅरेथॉन असते जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी. म्हणजे पुढची काही वर्षं थंडीतला शर्यतींचा हंगाम आणि रोजे एकमेकांना भेटणार आहेत. सरांनी त्यावर उपाय शोधून ठेवला आहे. ज्या शर्यतीत धावता येणार नाही, तिथे पाण्याचं टेबल सांभाळायचं.

त्या रविवारी घरी आल्यावर त्यांनी वहीत हिशेब मांडला. समजा हजार धावपटू, वाटेत तीन टेबलं आणि दोनशे मिलिलिटरची प्रत्येकी एक बाटली. त्यातली निम्मी फेकली, तर तीनशे लिटर पाणी रस्त्यावर. पंधरा लिटरचा हंडा धरला तर वीस हंडे, आणि वर तीन हजार बाटल्यांचा कचरा. रेल्वेच्या एका वाघिणीपुढे हे काहीच नाही, हे त्यांनाही ठाऊक आहे. पण २०१६ च्या मे महिन्यात लातूरच्या एखाद्या गल्लीत वीस हंडे पाणी आलं असतं तर किती घरांनी रांग लावली असती, तेही त्यांना ठाऊक आहे.

जगात इतरत्रही यावर विचार झाला आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या जवळजवळ नव्वद किलोमीटरच्या कॉम्रेड्स शर्यतीत पाणी छोट्या पाऊचमधून देतात. दातानं कोपरा फोडायचा आणि प्यायचं. २०१९ च्या लंडन मॅरेथॉनमध्ये एका ठिकाणी समुद्री शेवाळापासून बनवलेल्या, खाता येणाऱ्या वेष्टनातून पेय दिलं गेलं. काही शर्यतींत धावपटूंना स्वतःचा पेला सोबत आणायला सांगतात. नांदेड-लातूरच्या लहान शर्यतींना एवढ्या लांब जायची गरज नव्हती. सरांच्या गटानं गेल्या हिवाळ्यातल्या एका शर्यतीआधी आयोजकांना विनंती केली, की बाटल्यांऐवजी वीस लिटरचे जार घ्या आणि कागदी पेले अर्धे भरून द्या.

पहिल्या प्रयत्नात घोळ झाले. रिकामे पेले वाऱ्यानं उडाले. भरायला हात कमी पडले. "पाण्यासाठी थांबावं लागलं, माझा मिनिटभर वेळ गेला," अशी तक्रार दोघा-तिघांनी केली, आणि ती खरी होती. मग सुधारणा सुचत गेल्या. धावपटू यायच्या आधीच पेले भरून ओळीनं मांडायचे. एका लहान टेबलाऐवजी दोन-तीन टेबलं लांबलचक लावायची, म्हणजे पहिल्याच टेबलावर झुंबड उडत नाही. कचऱ्याचा डबा टेबलाशेजारी ठेवायचा नाही. पिणारा तोवर पुढे गेलेला असतो, म्हणून डबा शंभर पावलांवर ठेवायचा. दुसरा पेला मागितला तर लगेच द्यायचा, कुणालाही टोकायचं नाही. रस्त्यावर पेले पडलेच, पण बहुतेक रिकामे होते.

सरदारजींनी या सगळ्याला एका वाक्यात नाव दिलं. "सर, ही तर आपली छबील झाली," ते म्हणाले. गुरू अर्जनदेवजींच्या शहीदी दिवसाला, ऐन उन्हाळ्यात, शीख बांधव येणाऱ्या-जाणाऱ्यांना थंडगार गोड सरबत पाजतात, ती छबील. मोहरममध्ये मुसलमान मोहल्ल्यांत पाण्या-सरबताची सोय करतात, तिला म्हणतात सबील. शब्द मुळात एकच. आणि बँकेतल्या मॅडम म्हणाल्या, "आमच्याकडे त्यालाच पाणपोई म्हणतात." रांजण, वर झाकण, साखळीनं बांधलेला पेला. तिथे कुणी अर्धा पेला पिऊन उरलेला भिरकावत नसे. पैठणच्या एकनाथ महाराजांनी रामेश्वराला वाहण्यासाठी काशीहून आणलेलं कावडीतलं पाणी तहानलेल्या गाढवाला पाजलं, ही कथा तर मराठवाड्यातल्या प्रत्येक मुलानं ऐकलेली आहे. तहानलेल्याला पाणी देताना त्याचा धर्म आणि त्याचा वेग बघायची रीत या भागात कधीच नव्हती.

यंदाच्या रमजानमध्येही सर टेबलामागेच उभे राहणार आहेत. गेल्या वर्षीच्या त्या रविवारची एक आठवण ते आवर्जून सांगतात.

मोठा घोळका जाऊन बराच वेळ झाला होता. कॉलेजच्या मुलांनी खोकी आवरायला घेतली होती. तेवढ्यात लांबून एक बाई येताना दिसल्या. वय पन्नाशीच्या पुढचं, अंगावर साडी, पायांत कॅनव्हासचे बूट, साडीवर पिनेनं लावलेला नंबर. त्या चालतच होत्या, पण थांबत नव्हत्या. सरांनी मुलांना खोकं परत उघडायला लावलं. बाईंनी बाटली घेतली, टेबलाला टेकून शेवटच्या थेंबापर्यंत प्यायल्या आणि रिकामी बाटली सरांच्या हातात परत दिली.

"भाऊ, बूट तर पळायचे घातलेत, मग तुम्ही का नाही पळत?" त्यांनी विचारलं.

"रोजा आहे, ताई. ईदनंतर पळतो."

"या मग नक्की," पदर खोचून निघता निघता बाई म्हणाल्या. "माझ्या मागं कुणीतरी पाहिजे ना!"