शिडाच्या होडीसाठीं लहान यंत्राची निवड

शिडाची होडी वाऱ्यावर चालते, आणि म्हणूनच ती वाऱ्याची मिंधी असते. उधाणाच्या दिवशीं मुंबई बंदरांत परतणाऱ्या होडीचा वारा सायंकाळीं एकाएकीं पडला व ओहोटी तिला बाहेर ओढूं लागली, तर वल्ह्यांचें बळ कितीसें पुरणार? मोठ्या जहाजांचा मार्ग जवळ आणि अंधार पडूं लागलेला! अशा वेळीं मागील फळीस टांगलेलें लहानसें यंत्रच माणसांना सुखरूप घरीं आणतें. १९०९ सालीं अमेरिकेंतील मिलवॉकी येथें ओल एव्हिन्रूड या कारागिरानें असें यंत्र विक्रीस आणलें, आणि त्याचा प्रसार पुढें जगभर झाला.

यंत्र घेणारा प्रथम विचारतो, ‘अश्वशक्ति किती?’ पण पाणी सारीत जाणाऱ्या होडीच्या वेगास तिच्या लांबीचीच मर्यादा असते. पाण्याला टेकलेल्या लांबीच्या फुटांचें वर्गमूळ काढून त्यास १.३४ नें गुणावें. १६ फुटांच्या होडीचा वेग या हिशेबानें ताशीं सुमारें ५.४ सागरी मैल येतो. त्यापलीकडे शक्ति वाढविली तरी मोठी लाट उठते व पेट्रोल जळतें, इतकेंच. लाटा व वारा समोरून असले तरी वजनाच्या दर टनास ४ अश्वशक्ति साधारणपणें पुरते.

याहूनहि महत्त्वाची गोष्ट म्हणजे दांड्याची लांबी. ती बहुधा १५, २० किंवा २५ इंच असते. दांडा आंखूड असला, तर लाटेवर होडीची मागील बाजू उचलली जातांच पंखा वर येऊन हवा घेतो व नुसताच गरगरतो. नेमक्या निकडीच्या क्षणीं होडी लुळी पडते. म्हणून फळीची उंची मोजल्यावांचून यंत्र घेऊं नये. जड होडी सावकाश ढकलावयाची असल्यामुळें पंखाहि रुंद व कमी पेचाचा असावा.

वजनाचा विचारहि तितकाच आवश्यक आहे. जुनीं द्विघाती यंत्रें हलकीं, पण त्यांना पेट्रोलांत तेल मिसळून द्यावें लागतें व धूर फार होतो. चतुर्घाती यंत्रें स्वच्छ व काटकसरी, पण जड असतात. विजेचें यंत्र निःशब्द खरें, परंतु बॅटरी पुरेल तेवढाच त्याचा पल्ला.

खाऱ्या पाण्यांतून आल्यावर, पाण्यानें थंड होणारें यंत्र गोड्या पाण्यानें आंतून धुवावें. जुनें पेट्रोल त्यांत ठेवूं नये. चालविणारा पाण्यांत पडल्यास यंत्र बंद करणारी दोरी मनगटास बांधावी.

अखेरची परीक्षा साधी आहे. होडीवरील सर्वांत अशक्त माणसाला जें यंत्र सुरू करतां येईल, तेंच घ्यावें. कारण संकटाच्या वेळीं दोरी ओढण्याचा प्रसंग कोणावर येईल, हें आधीं ठरलेलें नसतें.